काचेवरचा ठसा

"वहिनी, दादांनी जाण्याआधी दुरुस्त करून दिलेला हा एन्कोडर एकाच जागी मोजायला चुकतोय," कारखानदार म्हणाला.

मंदाकिनीने हातमोजे चढवून झाकण काढलं. आतल्या काचेच्या चकतीवर केसाहून बारीक रेघा होत्या. चकती फिरली की उजेड त्यांतून लुकलुकत जातो आणि त्यावरून मशीनला आपली हालचाल कळते. "काचेला उघडं बोट लावू नकोस," नवरा तिला कायम बजावायचा.

रेघांवर बोटाचा ठसा होता. शेवटी शेवटी त्याची बोटं बधिर झाली होती. हातमोजे काढून तो स्क्रू चाचपायचा.

"डाग आहे. पुसला की झालं," ती म्हणाली.

"किती वेळ लागेल?"

"एक मिनिट." तिने झाकण परत लावलं. "तुम्ही उद्या या."