चाकावरचा उंदीर

शाळेच्या रिले संघात शेवटची धाव हिदायाची असे. हाडाच्या कर्करोगात तिचा पाय कापावा लागला, तेव्हापासून कुणी पळताना दिसलं की ती तोंड फिरवी. आज सिंगापूरच्या प्रयोगशाळेत डॉक्टर क्वेकबाईंनी तिला आईसोबत मुद्दाम बोलावून पिंजरा दाखवला. आत पांढरा उंदीर चाकावर भन्नाट पळत होता. “तुझ्याच गाठीचा तुकडा याच्या पायात वाढवला होता,” बाई कौतुकाने म्हणाल्या. “नव्या औषधाने गाठ विरली, हाडातल्या मज्जेत रक्तही पुन्हा बनतंय!” हिदायाचा जळफळाट झाला. “गाठ माझी, आणि पाय याचा वाचला?” “गप गं!” आईने चिमटा काढला. “का गप? मजा आहे लेकाची! आता जन्मभर पळेल.” बाई घुटमळल्या. “नाही गं. हाड तपासायला उद्या त्याला मारावं लागेल.” हिदायाला कीव आली, पण हेवा सुटेना. “उद्यापर्यंत तरी पळेल ना,” ती पुटपुटली.