दाताखालचा आवाज

गाडी उचलून न्यायला माणूस आला, तेव्हा अण्णा बॉनेट उघडून आत वाकले होते.

"अण्णा, बाजूला व्हा! तो हूक लावतोय," मुलगी ओरडली. अण्णा हलले नाहीत. कानांचे पडदे गेल्यापासून त्यांना ऐकू येत नव्हतं. नको ते तर आधीपासूनच ऐकू येत नव्हतं.

जावई त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याने हवेत बोटाने ठकठक करून दाखवलं, मग मानेवरून हात फिरवला. म्हणजे, इंजिन गेलं. रोज सकाळी चावी फिरवली की आतून कुणीतरी दार ठोठावल्यासारखा आवाज यायचा, आणि तो दिवसेंदिवस वाढतच होता. जावयाने तो फोनवर रेकॉर्ड करून मित्राला पाठवला. मित्राने कळवलं, बेअरिंग गेलंय. खोलत बसू नका, भंगारात द्या.

"आधी मी बघणार," अण्णा जरा जास्तच मोठ्याने म्हणाले. "जन्मभर लोकांची इंजिनं बघितली, आणि माझ्या गाडीचं निदान फोनवर?"

"बघणार कसं? ऐकू कुठे येतंय त्यांना," मुलगी म्हणाली. पण तोंड फिरवून, त्यांना ओठ दिसू नयेत अशी.

"बघू दे गं," आई म्हणाली. "गाडी काय पळून जाणार आहे?"

"तीच तर अडचण आहे, आई," जावई म्हणाला. हूकवाला हसला आणि पायरीवर टेकला.

अण्णांनी पेटीतून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. त्याची मूठ कानाला लावून इंजिन ऐकायची त्यांची जुनी सवय घरात सगळ्यांना माहीत होती. मुलीने मान खाली घातली. तिला ते बघवेना.

अण्णांनी मूठ कानाला लावली नाही. सदऱ्याला पुसली आणि दातांत घट्ट धरली. मग मुलीला खूण केली, चावी फिरव.

ठकठकठकठक! हूकवाला पायरीवरून उठलाच.

अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला खाली टेकवलं. थोडं थांबले. मान हलवली. मग बाजूला टेकवलं. मग वर, झाकणावर. आणि त्यांच्या भुवया टोपीपर्यंत चढल्या. डोळे मिटून ते तसेच उभे राहिले.

"अण्णा?" मुलगी गाडी बंद करून खाली उतरली.

अण्णांनी मूठ तोंडातून काढली. "वाजतंय!" ते म्हणाले. "अगं, मला वाजतंय! दातांतून थेट डोक्यात! खाली बेअरिंग ठणठणीत आहे. बोंब सगळी वरच्या मजल्यावर आहे. झडपा उघडणाऱ्या टॅपेटना ऑइल मिळत नाहीये."

थोडं थांबून त्यांनी ऑइल मोजायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घालून काढली आणि उन्हात धरली. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर, आणि त्यात साबणासारखा फेस.

"हे कुणी ओतलं?"

जावई आकाशाकडे बघायला लागला.

"मी," मुलगी म्हणाली. "थोडंसंच. ऑइल कमी झालं की ठोकतं, असं तुम्हीच सांगायचात."

"मीपण," जावई म्हणाला. "थोडंसंच."

"तू? मला बोलला नाहीस!"

"तू बोललीस?"

तेवढ्यात आई घरात सटकताना दोघांना दिसली.

"आई!"

"वाटीभर गं," आई दारातून म्हणाली. "आवाज आला की वाटीभर. गाडी बिघडलीय हे कळलं असतं तर जेवले असते का हे?"

अण्णा तिघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होते. मग ते असे हसायला लागले की त्यांना गाडीचा आधार घ्यावा लागला. "लाड करून करून घुसमटवलंत बिचारीला! जास्त झालेलं ऑइल खाली घुसळून निघतं, त्याचा फेस होतो. फेसाने काय होणार? टॅपेट उपाशी!"

जावई नवीन डबा आणायला पळाला. अण्णा गाडीखाली शिरले. ऑइल झेलायला घमेलं हूकवाल्याने धरलं. आपल्याला उशीर होतोय हे तो विसरलाच होता. नवीन ऑइल ओतायचा मान आईला मिळाला.

"घाल... घाल... बस! बस म्हणतो ना! हात आवर!"

मुलीने चावी फिरवली. ठक, ठक, ठक... ठक. मग नुसती घरघर, पोट भरून झोपलेल्या मांजरासारखी.

"आयला," हूकवाला म्हणाला आणि साखळी गुंडाळायला लागला.

अण्णा सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहिले. मग त्यांनी मूठ पुन्हा दातांत धरली, टोक इंजिनावर ठेवलं आणि डोळे मिटले. मुलीने गाडी बंद केली तरी ते तिथून हलेनात.

"अहो, चहा गार होतोय," आई म्हणाली. मिटलेल्या डोळ्यांना ते कसं कळणार? ती जवळ गेली, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक फडक्याने पुसलं आणि आपल्या हनुवटीला टेकवलं. "चहा गार होतोय म्हटलं!"

अण्णांनी खाडकन डोळे उघडले.

"पुन्हा बोल," ते दातांतल्या मुठीभोवतून कसंबसं म्हणाले.

"चहा गार होतोय."

"पुन्हा."

आईने जावयाकडे पाहिलं, हूकवाल्याकडे पाहिलं. पुसूनही ऑइलचा काळा ठिपका उमटलेली हनुवटी तिने टोकावर अजून थोडी दाबली, आणि इतक्या हळू काहीतरी म्हणाली की अख्ख्या अंगणात ते एकट्या अण्णांनाच ऐकू आलं.