सुई चालू होती तेव्हा

ऑपरेशनच्या टेबलावर बुधरी कुशीवर निजली होती. मुंबईहून चंद्रपूरला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा कान बधिर करून पडद्यातून एक बारीक सुई आत नेली, हाडाला टेकवली. सुईला तार, तारेला यंत्र. कानाची नस जिवंत असेल तर विजेचा आवाज ऐकू येणार होता. मग मुंबईला नेऊन कानात कायमची तार बसवता आली असती. नस मेलेली असेल, तर आल्या पावली परत.

"आवाज आला की बोट वर करायला सांगा. डोकं हलवायचं नाही."

खुशालने तोंडावरचा फडका खाली ओढून तिला खुणेने समजावलं. तो धानोऱ्याकडच्या जंगलातल्या दवाखान्यात कंपाउंडर होता. गोंडी येत होती, म्हणून बाईंनी त्याला आत घेतलं होतं. बुधरीला टीबीच्या सुया त्यानेच दिल्या होत्या. त्या सुयांनी टीबी गेला, त्यासोबत कानही गेले.

यंत्राची कळ फिरली. बोट हललं नाही. बाईंनी करंट वाढवला. काही नाही. आणखी वाढवला.

बोट वर झालं.

बहिरी माणसं बोलतात तसं बुधरी मोठ्याने गोंडीत म्हणाली, "किडा वाजून राह्यला, भाऊ. तू सुई देत होता तवा वाजे, तसाच. तुले सांगतलं होतं मी."

सांगितलं होतं खरं. कान वाजू लागले की टीबीची ती सुई थांबवायची, हे खुशालला शिकवलेलं होतं. पण दवाखान्यात दुसरं औषध नव्हतं, आणि बुधरी खोकून खोकून रक्त टाकत होती. "अशक्तपणा आहे, जाईल," म्हणत तो सुई भरत राहिला होता.

"काय म्हणते?"

"किड्यावानी वाजलं म्हणते जी."

"म्हणजे नस जिवंत आहे." बाई खूश झाल्या. "सुया चालू असताना कान वाजत होते का, विचारा. तेव्हा कुणाला सांगितलं होतं का?"

खुशाल बुधरीपुढे वाकला. कानाकडे बोट दाखवत ओठ सावकाश हलवून त्याने गोंडीत विचारलं, "दुखते का?"

"नाई," बुधरी म्हणाली.

"नाई म्हणते जी. कोणालेच नाई सांगतलं."

बाईंनी सुई हळूच बाहेर काढली. बुधरीने चाचपडत खुशालचं मनगट धरलं.

"समदं सांगतलं ना, भाऊ, बाईले?"

खुशालने होकारार्थी मान हलवली.