एकाच गळाला

गळ आनंदाच्या तळहातात घुसला, तेव्हा मासाही त्याच गळाला होता.

जांभूळ गावाच्या खाली, उल्हास नदीच्या गुडघाभर पाण्यात सासरा आणि सून समोरासमोर उभे होते. काठी शलाकाच्या हातात होती आणि दोरीच्या टोकाला हातभर लांब, पिवळ्याजर्द खवल्यांचा खडस मासा. सून नेहमीसारखी मासा सोडून देणार, हे आनंदाला ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं पुढं होऊन खांद्यावरच्या टॉवेलात मासा पकडला होता. एवढा खडस या नदीत त्यानं कित्येक वर्षांत बघितला नव्हता. पण मासा उसळला. तीन तोंडांच्या गळाचं एक तोंड माशाच्या ओठात होतं तसंच राहिलं, दुसरं आनंदाच्या अंगठ्याखालच्या मांसात गेलं.

मासा पुन्हा उसळला. आनंदाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

"अवो, काय झालं?" काठावर गोधड्या धूत बसलेली त्याची बायको गोजरबाई उभी राहिली.

"धोंडा घे," तो शलाकाला म्हणाला. "घाल त्याच्या डोचक्यात. तो तडफडला का गळ आत जातंय."

शलाकानं धोंडा घेतला नाही. काठी काखेत दाबून तिनं त्याचं मनगट धरलं. "बाबा, खाली बसा. हात पाण्यात घाला."

"आगं, हितं माझा जीव चाललाय आन तुला माशाचं पडलंय?"

"पाण्यात तो शांत होईल. वर धरला तर झटके देतच राहणार. बसा."

 आनंदा खाली बसला तसं पाणी छातीपर्यंत आलं. मासा एकदा वळवळला आणि थांबला.

"डावा हात त्याच्या पोटाखाली घ्या. आवळू नका, नुसता आधार द्या."

जन्मभर त्यानं मासे धरले होते ते आवळूनच. आता कल्ल्यांची उघडझाप त्याच्या मनगटाला लागत होती. मासा हलला असता तर आनंदाला कळ आली असती आणि आनंदा हलला असता तर माशाला. तो श्वास रोखून बसला.

शलाकानं कमरेच्या पिशवीतून पकड काढली. तोंड पाण्याला टेकेल इतकी ती वाकली. पकडीनं गळ धरून एक हलकी मुरड दिली.

"माशाचा निघाला," ती म्हणाली.

आता मासा कशालाच बांधलेला नव्हता, फक्त आनंदाच्या डाव्या हातावर होता. एक हिसका दिला असता तर गोजरबाईच्या पायाशी जाऊन पडला असता. हे आनंदाच्या ध्यानात आलं. शलाकाच्याही आलं असावं. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं. त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

आनंदानं दात आवळले. गळाला उलटा काटा असतो, मांस फाडल्याशिवाय तो बाहेर येत नाही. हे त्यानं चुलत्याच्या हातावर बघितलं होतं.

गळ आला त्याच वाटेनं अलगद बाहेर आला. मागं रक्ताचा एक थेंब.

"फाटलं कसं नाय?"

"काटा दाबून टाकलाय. घरूनच दाबून आणते मी."

"का?"

"माशाचं तोंड फाटू नये म्हणून."

 हातावरचा मासा एका अंगावर कलत होता.

"सरळ धरा त्याला. तोंड धारेकडं करा."

त्यानं तसं केलं. कल्ले मंद झाले होते. बराच वेळ काहीच झालं नाही. मेला, असं त्याला वाटलं. मग शेपटीत जोर आला. तो दिसायच्या आधी त्याच्या तळहाताला कळला. बोटं मिटून त्याला धरायला अजून वेळ होता.

त्यानं ती उघडीच ठेवली.

पिवळं अंग गढूळ पाण्यात आत गेलं, दिसेनासं झालं. आनंदाचा हात अजून तसाच पाण्याखाली होता.

"सुटला का वो?" गोजरबाईनं काठावरून विचारलं.

"सुटला नाय," आनंदा म्हणाला. "सोडला."