इडिओपॅथिक

शब्द सापडला आणि भगीरथचे कान तापले. शहापूरच्या वाचनालयात जाड डिक्शनरी नवीन आली होती. तो सहज पानं उलटत होता. इडिओपॅथिक. समोर एका ओळीत अर्थ. त्याने तो चिठ्ठीवर उतरवला, पुस्तक तसंच उघडं टाकलं आणि मुरबाडची एसटी पकडली. वाटेत किन्हवली लागली, त्याचं गाव. तो उतरला नाही.

तीन वर्षांपूर्वी हाच शब्द त्याने किन्हवलीला नवसूच्या ओटीवर वाचला होता. नवसूच्या पोरीला फिट्स येत होत्या. कल्याणच्या डॉक्टरने कागद दिला होता. गावात इंग्रजी वाचणारा भगीरथ एकटा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. कुणी शिकवलं नव्हतं. रेडिओवरच्या बातम्या ऐकून उच्चार बसवलेले. त्याने शब्द असा खणखणीत म्हटला की ओटीवरची माणसं पुढे सरकून बसली. उच्चार बरोबर होता.

"म्हंजे काय रे?" नवसूने विचारलं.

भगीरथने खिशातली छोटी डिक्शनरी उघडली. शब्द नव्हता. सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्याने डिक्शनरी मिटली.

"आईच्या रक्तातनं आलेला आजार."

आठ दिवसांत नवसूने बायकोला, सुंदराला, पोरीसकट माहेरी पाठवलं. परत आणायला गेलाच नाही.

भगीरथ मुरबाडच्या पुढे तिच्या माहेरी पोचला तेव्हा सुंदरा अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. पोरगी शेजारी टरफलांची रांग लावत होती.

"या मास्तर," सुंदरा म्हणाली. "आज कोनता शब्द आनला?"

"तोच, वयनी." एसटीत जुळवलेलं सगळं तो विसरला. "मी तवा चुकीचा अर्थ सांगितला. तुमच्या रक्तात काय नाय. मी नवसूदादाला सांगतो. चार मानसांत सांगतो."

"सांगा की. त्याच्या दुसरीलाबी सांगा. सातवा म्हयना हाय तिला."

सुंदराने दोन शेंगा सोलल्या. मग विचारलं, "मंग खरा अर्थ काय त्याचा?"

त्याने चिठ्ठी काढली. वाचायची गरज नव्हती.

"कारण माहीत नाही."

"कोनाला?"

"डॉक्टरला. आजार कशानं झाला ते त्याला कळलं नाय की तो हा शब्द लिवतो."

सुंदराचा हात थांबला. तिने पोरीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"एवढा मोठा डॉक्टर," ती म्हणाली, "मला माहीत नाय म्हनून कागदावर लिवून देतो. आन् तुमाला नुसतं तोंडानं बोलता नाय आलं?"