शेवटचा पाइप

पाइपावर हाताचा पंजा उमटला होता. पाच बोटं, हळद लागल्यासारखी पिवळसर.

"हा कोणाचा?" जैनुद्दीन मिस्त्रीनं विचारलं.

तिसगावचा सरपंच मच्छिंद्र पुढं झाला. त्यानं आपला पंजा त्यावर धरून पाहिला. बोटाला बोट जुळलं. काल संध्याकाळी गावच्या पाणीयोजनेच्या पाइपांची शेवटची खेप न्यायला तो ट्रक घेऊन नागापूरच्या या कारखान्यात आला, तेव्हा वाळूच्या माऱ्यानं घासलेलं लोखंड चांदीसारखं झळकत होतं. त्याला राहवलं नाही, त्यानं घामेजला हात त्यावर टेकवला. तेवढ्यात वीज गेली. बाकीच्या पाइपांवर जस्ताचा थर चढला होता; हा एकच रात्रभर उघडा राहिला आणि घामाच्या जागी गंज धरला.

"पुन्हा वाळू मारावी लागेल. तीन तास," मिस्त्री म्हणाला.

"एवढ्याशा डागाला? भाई, दुष्काळाचं दुसरं वरीस हाय. बाया कोसभरावरनं पानी आनत्यात. मारा की वरनं जस्त, झाकून जाईल."

मिस्त्री वाद घालत बसला नाही. त्यानं फवाऱ्याचं पिस्तूल पेटवलं. जस्ताची तार ज्वाळेत शिरून वितळली आणि हवेच्या जोरानं धुक्यासारखी डागावर जाऊन बसली. डाग दिसेनासा झाला. मच्छिंद्रचा चेहरा खुलला. मग मिस्त्रीनं छिन्नी टेकवून हलकेच ठोकलं. कांद्याच्या सालीसारखा जस्ताचा पापुद्रा सुटून मच्छिंद्रच्या पायाशी पडला.

ट्रकमधल्या पाइपावर मिस्त्रीनं तीच छिन्नी जोरात मारली. नुसता ओरखडा उठला.

"जस्त नीट बसलं, तर गंज आधी त्यालाच खातो. लोखंडापर्यंत पोचायला गंजाला वर्षानुवर्षं लागतात," तो म्हणाला. "पाणी तुमच्या गावचं आहे, सरपंच. तुम्हीच सांगा."

मच्छिंद्रनं फेटा उतरवून खुंटीला अडकवला.

"वाळू कुठं हाय?"

तीन तास त्यानं वाळू चाळली, पाट्या वाहिल्या. लोखंड पुन्हा लख्ख झालं. मिस्त्री तोंडाला फडकं बांधून धुरात उभा राहिला. जस्ताचा एक पट्टा, त्याला लागून दुसरा. हात सूतभर ढळला नाही. काम संपल्यावर तो खोक्यावर बसला, तेव्हा मात्र तेच हात कापत होते.

"काय हुतंय, भाई?"

"जस्ताचा धूर. आता थंडी वाजून ताप भरेल. उद्या उतरेल."

"दर बारीला?"

"जास्त काम पडलं की." मिस्त्री हसला. "न्या तुमचा पाइप."

चार दिवसांनी तिसगावात चरामध्ये पाइप जोडून झाले. माणसं माती लोटायला वाकली, तसा मच्छिंद्र आडवा आला.

"थांबा. आदी समद्यांनी बघून घ्या. एकदा माती पडली, की त्या मानसाचं काम कुनाला दिसायचं न्हाई."

म्हातारी साळूबाई काठावर वाकली. बराच वेळ पाहत राहिली.

"नाव काय रं त्याचं?"

"जैनुद्दीन."

तिनं ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पुढच्या गड्याला. चराच्या काठानं एकेकाच्या तोंडून ते नाव पाण्याच्या टाकीपर्यंत गेलं. पाणी दोन दिवसांनी आलं.