पहिल्या भाराखाली

जुन्या छोट्या ट्रकवर आम्ही बांधलेला सपाट हौदा बसला आणि सासरे त्याच्याखाली आडवे झाले. आमच्या वर्कशॉपची रीतच तशी: ज्यानं वेल्डिंग केलं, त्यानं पहिला भार चढताना खाली झोपून जोड बघायचे. पण त्यांचे डोळे अधू झालेले. वेल्डिंग मी केलं होतं, आणि त्यांच्या हातावर भरवसा ठेवून आलेल्या गिऱ्हाइकाला ते कळू द्यायचं नव्हतं, म्हणून खाली तेच झोपले. “म्हातारबा, झोप लागली का?” गिऱ्हाईक हसत वाळूची पोती चढवू लागलं. “लागतच होती, तू उठवलंस!” सासरे खालून ओरडले. इतक्यात टक्क आवाज झाला. मी सरपटत त्यांच्याशेजारी शिरले. मागच्या कोपऱ्यातला जोड केसभर उघडला होता. त्यांनी थंडगार हातानं माझं मनगट धरलं. “सगळं ठीक आहे म्हण, सूनबाई.” वर पुढचं पोतं सरकलं. “थांबा!” मी किंचाळले, “मी मारलेला जोड सुटतोय!”